जेरी ली लुईस : रेकॉर्ड्स, दौरे आणि आपापल्या आठवणी

जुनी_तबकडी :
रॉक अँड रोलचा अमेरिकन पियानोवाला गायक जेरी ली लुईस, त्याच्यावर वेगळा धागा हवाच होता, बरेच दिवस मनात होतं, आज काढतेच. २८ ऑक्टोबर २०२२ ला तो गेला, ८७ वर्षांचा होता, आणि तेव्हा जो तो 'होल लॉट्टा शेकिन गोइंग ऑन' आणि 'ग्रेट बॉल्स ऑफ फायर' ही दोन नावं घेत होता आणि तिसरी गोष्ट म्हणजे अल्पवयीन मुलीशी केलेलं ते लग्न. बास, संपला माणूस. अरे पण हा १९५६ ला स्टुडिओत शिरला आणि २०२२ ला मावसभावाबरोबर म्हणा चुलतभावाबरोबर म्हणा, जिमी स्वॅगर्टबरोबर, गॉस्पेलची, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतांची, रेकॉर्ड काढून गेला! मधली एवढी वर्षं कुठे गेली?

माझं म्हणणं एवढंच आहे की जेरी लीचं एक गाणं म्हणजे एक गाणं नसतंच. 'शेकिन'च घ्या. १९५७ चं मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्स कंपनीचं ऐका, मग १९६४ चं हॅम्बुर्गचं, मग १९७३ चं लंडनचं, मग १९८९ च्या सिनेमासाठी त्याने परत वाजवलेलं. चाल तीच, शब्द बरेचसे तेच, आणि चारही वेळा माणूस वेगळ्याच मूडमध्ये. आपल्याकडे एकच चीज एका गायकाची दहा मैफलींतली जमवणारे लोक आहेत ना, त्यांना हे लगेच कळेल. बरं हे गाणं मुळात त्याचं नाहीच, बिग मेबेलने १९५५ मध्ये ते आधीच गायलेलं होतं. याने घेतलं आणि असं काही वाजवलं की लोक मूळ विसरले.

तर लिहा मंडळी. कोणती रेकॉर्ड, कोणता दौरा, कोणी प्रत्यक्ष ऐकलंय का, सगळं लिहा.

खारीबिस्कीट :
वाचतेय. मला ती दोनच गाणी माहिती आहेत त्यामुळे वाचनखूण साठवून ठेवली.

पेटीवाला :
मस्त धागा तबकडीताई. मी जरा वाजवणाऱ्याच्या बाजूने लिहितो. मी पेटी वाजवतो, लहानपणापासून, भजनात आणि नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांत साथीला बसतो. पेटीत डावा हात भात्यावर असतो, त्याला सुरांशी काही देणंघेणंच नाही. त्यामुळे कीबोर्ड घेऊन बूगीवूगी, म्हणजे पियानोवरचं ते धावतं ब्लूज, शिकायला बसलो तेव्हा उजवा हात दोन आठवड्यांत चालायला लागला आणि डावा म्हणजे नुसता दगड. आणि जेरी लीचं सगळं दुकान डाव्या हातात आहे!! लोक उजवा बघतात, कारण तो नखं ओढत वरपासून खालपर्यंत सर्रकन जातो, पायाने वाजवतो, स्टुलाला लाथ मारतो, ते दिसायला भारी. पण डावा ऐका. बूगीचा साधा पाठ म्हणजे सा ग प ध, कोमल नी, परत ध प ग, असा चढत उतरत जाणारा, आणि तो थांबायचा नाही, उजव्याने वर काय वाट्टेल ते केलं तरी डाव्याने श्वासही घ्यायचा नाही. बारा बारचं आवर्तन, सा वरून म वर, परत सा, मग प, म, सा, की झालं, परत पहिल्यापासून. ऐकायला सोपं, पण पाच मिनिटं त्या स्पीडला वाजवून बघा, कोपरापर्यंत हात भरून येतो.

'शेकिन' आणि 'ग्रेट बॉल्स' ही दोन्ही सनची मूळ रेकॉर्डिंग्ज पांढरी एकमध्ये आहेत, म्हणजे शिकणाऱ्याला सोयीचं, काळ्या पट्ट्यांची भानगड कमी. ज्याला शिकायचंय त्याने तिथूनच सुरू करावं आणि पहिला महिना फक्त डावा हात.

आणखी एक म्हणजे तो ड्रमरच्या ठेक्यावर बसत नाही, ठेका तोच देतो. ड्रमरने त्याच्या मागून यायचं. हे ज्या ड्रमरला कळलं त्याच्याबरोबर रेकॉर्डिंग चांगलं झालं.

मेम्फिसकर :
पेटीवाले, शेवटचं वाक्य शंभर टक्के. तो ड्रमर म्हणजे जे. एम. व्हॅन ईटन. सनमध्ये जेरीच्या पहिल्या रेकॉर्डपासून तोच होता, विशीसुद्धा गाठली नव्हती तेव्हा त्याने.

मी कामानिमित्त टेनेसीत आहे आणि सन स्टुडिओत पाहुण्यांना घेऊन जाणं हे आमच्या घरी आता ठरलेलंच आहे, कोणी भारतातून आलं की नेतोच. ७०६ युनियन अव्हेन्यू. बाहेरून बघितलं तर विश्वास बसत नाही, कोपऱ्यावरची छोटी विटांची इमारत आणि आत एक खोली, आपल्याकडच्या शाळेच्या वर्गाएवढी असेल. काचेपलीकडे सनचा मालक सॅम फिलिप्स बसायचा आणि दोन टेप मशिनं वापरून तो टपटप परत येणारा आवाज काढायचा, आवाज एका मशिनवर आणि तोच किंचित उशिराने दुसरीकडून. सनच्या प्रत्येक रेकॉर्डवर जी खोलीची गुंज ऐकू येते ती ही.

जेरी नोव्हेंबर १९५६ मध्ये लुईझियानातल्या फेरिडेहून इथे आला, वडिलांबरोबर. वडील एल्मो म्हणजे तेच ज्यांनी शेतजमीन गहाण टाकून पोराला पियानो घेऊन दिला होता. आला तेव्हा सॅम फिलिप्स गावात नव्हताच, टेप केली तिथल्या इंजिनिअरने, जॅक क्लेमंटने. पहिली रेकॉर्ड 'क्रेझी आर्म्स', ती त्याच वर्षी आलेलं रे प्राइसचं गाजलेलं कंट्री गाणं. जेरीचं ऐका कधी हेडफोन लावून. जवळजवळ फक्त पियानो आणि ड्रम्स आहेत, आणि अगदी शेवटी, गाणं संपता संपता, गिटारचा एकच झणका येतो. कोणीतरी खोलीत होता आणि त्याने सहज हात मारला असं वाटतं. ती जागा मला फार आवडते, कारण कळतं की हे लोक रेकॉर्ड 'बनवत' नव्हते, वाजवत होते आणि टेप चालू होती.

आणि ४ डिसेंबर १९५६! कार्ल पर्किन्सचं रेकॉर्डिंग चालू होतं, त्यात जेरी पैसे घेऊन पियानो वाजवायला आलेला, आणि एल्विस सहज डोकावला, जॉनी कॅशही आला. तोच तो 'मिलियन डॉलर क्वार्टेट'. फोटोत पियानोवर एल्विस बसलाय. पण टेप पूर्ण ऐकलीत तर शेवटाकडे एल्विस उठतो आणि जेरी बसतो आणि मग तो उठायचं नावच घेत नाही, एकामागून एक. तेव्हा त्याची पहिली रेकॉर्ड बाजारात येऊन जेमतेम काही दिवस झालेले आणि समोर एल्विस! काय तो आत्मविश्वास.

सांजवेळ :
धागा छान चाललाय पण एक विचारते, राग मानू नका. ते लग्न 'तिसरी गोष्ट' म्हणून बाजूला कसं ठेवायचं? मायरा १३ वर्षांची होती. तो २२ चा. त्याच्या चुलतभावाची, म्हणजे त्याच्याच बँडमध्ये बेस वाजवणाऱ्या जे. डब्ल्यू. ब्राउनची मुलगी. आणि आधीच्या बायकोपासूनचा घटस्फोटही पुरा झालेला नव्हता. मला त्याचा पियानो आवडतो, खोटं कशाला बोलू, पण 'ग्रेट बॉल्स' लागलं की मला हे आठवतंच. डिसेंबर १९५७, गाणं वर चढत होतं त्याच महिन्यातलं लग्न आहे ते.

जुनी_तबकडी :
सांजवेळ, राग कसला, बरं झालं लिहिलंस. बाजूला ठेवू नयेच. तिथल्या तेव्हाच्या रीतीभाती सांगून काही लोक ते सावरून घेतात, मला ते पटत नाही. १३ म्हणजे १३. मायराने पुढे स्वतःची बाजू पुस्तकात लिहिली, १९८९ चा सिनेमा त्याच पुस्तकावरून केला, आणि सिनेमात ती जी हलकीफुलकी प्रेमकथा करून टाकलीये ती मला बघवत नाही. १९७० मध्ये घटस्फोट झाला त्यांचा. मी त्याला ऐकते, त्याच्या वागण्याची वकिली करत नाही. एवढंच सांगू शकते.

माझी तक्रार त्या प्रकरणावर लिहिण्याबद्दल नाहीये, तिथेच थांबण्याबद्दल आहे.

रेडिओ_सिलोन :
दौऱ्याचं म्हणाल तर १९५८ चा इंग्लंडचा दौरा त्याच प्रकरणाने बुडाला. मे महिन्यात विमानतळावर उतरले आणि पत्रकारांनी मायराला विचारलं तू कोण, ती म्हणाली बायको. मग वय. झालं. एडमंटन, किलबर्न आणि टूटिंग असे तीन कार्यक्रम झाले आणि बाकीचा अख्खा दौरा रद्द करून परत पाठवला. घरी गेल्यावर रेडिओवाल्यांनी गाणी लावणं बंद केलं. रात्रीला हजारो डॉलर घेणारा माणूस शे-दोनशेवर गावोगावच्या बारमध्ये वाजवायला लागला. १९६० मध्ये सनवाल्यांनी त्याची एक वाद्यसंगीताची रेकॉर्ड 'द हॉक' या खोट्या नावाने काढली होती, 'इन द मूड', म्हणजे विचार करा नावाची काय अवस्था झाली असेल. अर्थात पियानो ऐकल्यावर दोन सेकंदांत ओळखू येतो कोण आहे ते.

१९६१ ला रे चार्ल्सच्या 'व्हॉट्ड आय से'ने जरा वर आला. आणि १९६२ च्या एप्रिलमध्ये त्याचा तीन वर्षांचा मुलगा स्टीव्ह ॲलन बुडून गेला. त्यानंतर काही दिवसांतच इंग्लंडचा दौरा ठरलेला होता, तो गेला, आणि ज्या देशाने चार वर्षांपूर्वी हाकललं तिथे लोकांनी डोक्यावर घेतलं. हे काळीज कुठून आणतात लोक मला खरंच कळत नाही.

हॅम्बुर्गी :
आता माझी पाळी. आयडीवरून कळलंच असेल मी कशासाठी आलोय.

५ एप्रिल १९६४, स्टार क्लब, ग्रोसे फ्राइहाइट रस्ता, हॅम्बुर्ग. माझ्या मते आजवर निघालेली सर्वात चांगली लाइव्ह रॉक अँड रोल रेकॉर्ड हीच आणि यावर मी कितीही वेळ वाद घालायला तयार आहे. १३ गाणी, साधारण ३७ मिनिटं. साथीला नॅशव्हिल टीन्स, नावावरून अमेरिकन वाटतात पण इंग्लंडची पोरं होती, त्यांचं स्वतःचं 'टोबॅको रोड' अजून यायचं होतं. ती पोरं अक्षरशः जीव मुठीत धरून त्याच्या मागे धावतायत. सुरुवात 'मीन वुमन ब्लूज'ने होते आणि तिथेच कळतं की हा माणूस आज कोणाला सोडणार नाही. पियानो इतका पुढे आहे की त्याने पट्टी आपटली की लाकडावर आदळल्याचा आवाज येतो. रेकॉर्डिंग झिगी लोखचं, फिलिप्स या रेकॉर्ड कंपनीसाठी (सॅम फिलिप्सचा संबंध नाही), हाच पुढे १९९२ ला ॲक्ट ही जॅझची कंपनी काढणारा.

'व्हॉट्ड आय से'मध्ये पब्लिक त्याच्या नावाचा घोष सुरू करतं, जेरी, जेरी, आणि तो त्या घोषाच्या ठेक्यावर परत आत शिरतो. हे ऐकून अंगावर काटा आला नाही तर सांगा. आणि मग एवढ्या धुमश्चक्रीत मध्येच हँक विल्यम्सचं 'युअर चीटिन हार्ट', संथ. कोणी असं करेल का? पेटलेलं थेटर असताना? त्याने केलं आणि लोक ऐकतायत.

मला वाटतं त्या रात्रीच्या आवाजात ती सहा वर्षं आहेत. रेडिओ नाही, हिट नाही, मुलगा गेलेला, इकडे बीटल्सची हवा, त्याच बीटल्सनी १९६२ मध्ये याच स्टेजवर रात्र रात्र वाजवलेलं. आणि हा म्हणतोय बघा आता. गंमत म्हणजे कराराच्या भानगडीमुळे ही रेकॉर्ड तेव्हा अमेरिकेत निघालीच नाही, युरोपातच. त्याच्या स्वतःच्या देशातल्या लोकांना कितीतरी वर्षं ती बाहेरून मागवावी लागायची.

क्लब १९६९ ला बंद झाला. आता तिथे गेलात तर पाटी आहे, वाजवणाऱ्यांची नावं कोरलेली. कोणी हॅम्बुर्गला आलात तर मला निरोप टाका, मी नेतो.

खारीबिस्कीट :
ऐकायला घेतलं!!

पेटीवाला :
हॅम्बुर्गी, अगदी मनातलं. त्यातलं 'लुईस बूगी' ऐका लोकहो, माझा डाव्या हाताचा मुद्दा तिथे सगळा आहे.

टपालकाका :
मंडळी, सगळे रॉक अँड रोलवरच अडकलात. मी ६८ वर्षांचा आहे, मला जेरी ली भेटला तो कंट्री गायक म्हणून. काळा घोड्याच्या रिदम हाऊसमध्ये आम्ही पगार झाला की जायचो, तिथे एक कॅसेट मिळाली होती, त्यावर दाढीवाला माणूस सिगार घेऊन. घरी लावली तर रडवणारी गाणी! मला वाटलं होतं धांगडधिंगा असेल.

१९६८ मध्ये स्मॅश कंपनीत जेरी केनेडीने त्याच्याकडून 'अनदर प्लेस, अनदर टाइम' करून घेतलं. दहा वर्षं वनवास काढलेला माणूस एकदम कंट्रीच्या यादीत वरच्या पाचांत. मग मिलवॉकीच्या बिअरवरचं ते गाणं, मग 'टू मेक लव्ह स्वीटर फॉर यू' पहिल्या नंबरवर. १९७२ ला 'शँटिली लेस', तेही पहिल्या नंबरवर. ही गाणी दारूची, घर मोडल्याची, रात्री उशिरा बारमध्ये खुर्च्या उलट्या टाकल्यावर एकट्याने बसून राहिल्याची. आवाज बघा त्याचा तेव्हाचा. १९५७ मध्ये पोरगं ओरडतंय, इथे माणूस बोलतोय. ओळीचा शेवटचा शब्द तो जरा खाली सोडून देतो, लक्ष गेलं की परत परत तेच ऐकत बसाल. आणि पियानो अगदी मोजका, व्हायोलिन जिथे थांबतं तिथे दोन स्वर टाकतो आणि गप्प. हे जास्त अवघड आहे असं माझं ठाम मत आहे. मला विचाराल तर त्याचं सर्वात मोठं काम हे, हॅम्बुर्गीसाहेब माफ करा.

त्याच १९६८ साली तो लॉस एंजेलिसला ऑथेल्लोवरच्या एका रॉक म्युझिकलमध्ये इयागो झाला होता हेही अनेकांना माहीत नसतं. शेक्सपिअर! माणसाला भीती नावाची गोष्ट नव्हती.

आणि ग्रँड ओल ऑप्रीची, म्हणजे नॅशव्हिलच्या त्या कंट्री संगीताच्या मानाच्या रेडिओ कार्यक्रमाची, गोष्ट तर सांगायलाच हवी. पन्नाशीच्या दशकात, सनच्या आधी, तो नॅशव्हिलला काम मागायला गेला होता तेव्हा तिथल्या लोकांनी पियानो सोड, गिटार शीक असा सल्ला देऊन परत पाठवलेलं. २० जानेवारी १९७३ ला ऑप्रीने बोलावलं, अट घालून, रॉक अँड रोल नाही आणि शिव्या नाहीत. त्याने दोन्ही केलं आणि दिलेला वेळ सोडून चाळीसेक मिनिटं वाजवत बसला, मध्ये जाहिराती घ्यायच्या होत्या त्याही गेल्या उडत. जुना हिशोब चुकता.

लंडनकर_मावशी :
टपालकाका, त्याच जानेवारी १९७३ मध्ये तो आमच्या लंडनला होता ना! ॲडव्हिजन स्टुडिओत 'द सेशन' रेकॉर्ड केली, रोरी गॅलघर, पीटर फ्रॅम्प्टन, अल्बर्ट ली, आल्विन ली अशी इथली तरुण पोरं सगळी हाताशी. डबल एलपी. 'ड्रिंकिंग वाइन स्पो-डी-ओ-डी' त्यातलंच. मला ती थोडी गर्दीची वाटते, एवढे गिटारवाले एका खोलीत, प्रत्येकाला दोन घास द्यायचे म्हणून गाणी लांबतात. पण 'नो हेडस्टोन ऑन माय ग्रेव्ह' ऐका त्यातलं. तिथे सगळे गप्प बसलेत आणि तो एकटा बोलतोय.

मी त्याला प्रत्यक्ष ऐकलंय. सप्टेंबर २०१५, लंडन पॅलेडियम, निरोपाचा दौरा, तो ८० चा होत होता. यजमानांना गुडघ्याचा त्रास तरी ओढत नेलं. स्टेजवर चालत यायला त्याला वेळ लागला, हळूहळू एकेक पाऊल, आमच्या शेजारची बाई डोळे पुसायला लागली. बसला, काही बोलला नाही फारसं, आणि हात पट्ट्यांवर ठेवले. आवाज थकलेला होता, खरं तेच सांगते, वरच्या सुरांकडे तो जातच नव्हता. पण उजवा हात! वरच्या सप्तकात तो जे बारीक टिपटिप करायचा ना एकाच पट्टीवर, ते तसंच, स्वच्छ. आणि शेजारी केनी लव्हलेस गिटार घेऊन उभा, १९६७ पासून त्याच्या बरोबर असलेला माणूस. तो गिटारकडे बघतच नव्हता, सगळा वेळ नजर जेरीच्या हातांवर. कधी वळणार, कुठे थांबणार, हे तो हात बघून ठरवत होता. तबकडीताई म्हणाली ना की तो एकच गाणं दोनदा तसंच वाजवत नाही, ते मी तिथे केनीच्या डोळ्यांत बघितलं. इतकी वर्षं बरोबर राहूनसुद्धा त्याला पुढचं माहीत नव्हतं.

जुनी_तबकडी :
मावशी, यासाठीच धागा काढला होता. केनीचं असं कोणी लिहिलेलं मी अजून वाचलं नव्हतं.

रेडिओ_सिलोन :
थोडं अवांतर. १९५७ साली तिकडे 'शेकिन' आलं आणि त्याच वर्षी इकडे 'आशा' सिनेमात आपल्या सी. रामचंद्रांचं 'ईना मीना डीका'. पुणतांब्याचा माणूस आणि रॉक अँड रोलचा ठेका काय पकडलाय! आमच्या वडिलांच्या रेकॉर्डच्या खोक्यात ही दोन्ही शेजारी शेजारी होती. त्यांच्या लेखी ते एकाच प्रकारचं संगीत होतं आणि मला वाटतं बरोबरच होतं त्यांचं.

मेम्फिसकर :
अवांतर कसलं, चालू द्या.

मी एक राहिलेलं सांगतो. 'ग्रेट बॉल्स ऑफ फायर'च्या रेकॉर्डिंगच्या वेळी जेरी आणि सॅम फिलिप्स यांचं भांडण झालं, आणि ते टेपवर आहे. भांडण पैशावरून नाही, धर्मावरून! जेरी कट्टर पेंटेकोस्टल (एक ख्रिस्ती पंथ) घरातला, टेक्सासच्या बायबल शाळेतून त्याला काढलं होतं कारण प्रार्थनेचं गाणं त्याने बूगीवूगीत वाजवलं. तो सॅमला सांगतोय की हे संगीत सैतानाचं आहे, हे गाऊन मी लोकांना कसा तारणार. सॅम समजावतोय की अरे तू लोकांचं भलं करू शकतोस. खूप वेळ चालतं हे. आणि मग तो बसतो आणि ते गाणं वाजवतो. हे त्याच्या मनातून मरेपर्यंत गेलं नाही, मुलाखतींत परत परत यायचं, आपण स्वर्गात जाणार की नरकात. बायबल शाळेतून काढलेला पोरगा आणि टीव्हीवरचा सर्वात गाजलेला प्रवचनकार स्वॅगर्ट, हे दोघं एकाच गावात एकत्र पियानो शिकलेले भाऊ. आणि दोघंही पोरवयात खिडकीतून गावातल्या हेनीज बिग हाऊस या क्लबमधलं काळ्या लोकांचं संगीत चोरून ऐकायचे. सगळं तिथून आलं. त्या कलाकारांना त्याचे पैसे कधी मिळाले नाहीत हेही लिहून ठेवतो.

सांजवेळ :
मेम्फिसकर, शेवटच्या वाक्याबद्दल धन्यवाद. हे कोणी लिहीत नाही.

नवीन_सुई :
नमस्कार, मी नवीन आहे इथे. नुकताच टर्नटेबल घेतलाय. सुरुवात कुठून करू? खूप बॉक्स सेट दिसतायत, बजेट फार नाही.

जुनी_तबकडी :
स्वागत. बॉक्स सेटच्या नादाला आत्ता लागू नकोस. बेअर फॅमिली या कंपनीचे सेट अप्रतिम असतात, सनचा एक तर १८ सीडींचा आहे, पण त्यात एकाच गाण्याच्या कितीतरी टेक आहेत, आधी माणूस आवडायला हवा. सनच्या काळातलं कुठलंही साधं एकेरी संकलन घे, मग हॅम्बुर्ग, मग टपालकाकांची 'अनदर प्लेस, अनदर टाइम'. या तिन्हींत बराचसा माणूस येतो. त्यानंतर २००६ ची 'लास्ट मॅन स्टँडिंग', त्यात जिमी पेज, बी. बी. किंग, स्प्रिंगस्टीन, नील यंग सगळे पाहुणे आहेत आणि ७० वर्षांचा म्हातारा लेड झेपेलिन बँडचं 'रॉक अँड रोल' त्यांच्यासमोर वाजवतो. जुनी एलपी घेणार असशील तर कडेने तिरपी धरून उजेडात बघून घे, चोर बाजारात वरून पुसून ठेवलेल्या असतात.

टपालकाका :
आणि कंट्रीची रेकॉर्ड रात्री ऐक, घाईत नको.

खारीबिस्कीट :
ऐकून आले! तबकडीताईने सांगितलेल्या चारांपैकी तीन 'शेकिन' ओळीने लावली, १९५७, १९६४, १९७३. १९५७ च्या गाण्यात मधे तो एकदम आवाज खाली आणतो, कुजबुजल्यासारखा, मागचे सगळे हळू होतात, डावा हात मात्र खाली चालूच आहे (पेटीवाले, आता मला तो वेगळा ऐकू यायला लागला). आणि मग परत फुटतो. हॅम्बुर्गचं ऐकताना मी श्वास रोखून बसले होते. लंडनच्यात मात्र त्याला घाई नाहीये, लोकांना खेळवतोय असं वाटलं. मला १९५७ चंच सर्वात जास्त आवडलं, हॅम्बुर्गी रागावतील.

हॅम्बुर्गी :
रागावत नाही, पण हॅम्बुर्ग परत एकदा ऐक, आवाज वाढवून. आणि त्याच वर्षीची अलाबामातल्या बर्मिंगहॅमची लाइव्ह एलपी आहे, 'द ग्रेटेस्ट लाइव्ह शो ऑन अर्थ', तीही घे. तिथे त्याचं स्वतःचं अमेरिकन पब्लिक आहे, हॉल मोठा आहे, किंचाळ्या जास्त आहेत, पियानो थोडा मागे गेलाय. दोन्हीत फक्त तीन महिन्यांचं अंतर. कोणाकडे तिची मूळ स्मॅशची प्रत असेल तर सांगा, मला आवाजाची तुलना करायचीये.

पेटीवाला :
माझ्याकडे नाही पण पुण्यात एका मित्राकडे पाहिल्यासारखं आठवतं. विचारून इथेच लिहितो.